शेलूबाजाराच्या आसमंतांतील जुन्या वास्तू व फेरबदलाच्या परवानगीचे निर्बंध

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं कचेरींतील वाटेल. जुन्या वास्तूंत फेरबदल करावयाचा झाल्यास कोणाची परवानगी लागते, ती कशासाठीं लागते व कोणत्या कामास लागत नाहीं, हा तो विषय होय. परंतु ज्यांस जुनीं दप्तरें व पोथ्या मिळवावयाच्या आहेत त्यांस तो टाळतां येणार नाहीं. कागद राहतात ते घरांत. आणि घराची भिंत कोणीं, केव्हां व कोणास विचारून पाडली, यावर त्या कागदांचें आयुष्य पुष्कळदां अवलंबून असतें. म्हणून या निर्बंधांचा विचार आम्हीं येथें संशोधकाच्या बाजूनें करण्याचें योजिलें आहे, व तो केवळ कलमांचा काथ्याकूट होऊं नये म्हणून वऱ्हाडांतील एक आटोपशीर मुलूख डोळ्यांपुढें ठेविला आहे.

शेलूबाजार हें वाशिम जिल्ह्यांत मंगरूळपीर तालुक्यांतील गांव. नागपुराहून पश्चिमेकडे जाणारा जुना राजमार्ग कारंज्यावरून येथें येतो व पुढें मालेगांव, मेहकर करीत जातो. येथूनच वाशिमास व मंगरुळास जाण्याच्या वाटा निघतात. गांवाच्या नांवांतच बाजार आहे, व बाजार वाटांच्या सांध्यावर बसतो हें सांगावयास नको. इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला; ती नवी वाटहि या गांवाजवळूनच गेली आहे. वाटा आल्या म्हणजे जागेचें मोल वाढतें, आणि जागेचें मोल वाढलें म्हणजे त्या जागेवर उभ्या असलेल्या जुन्या मातीच्या घराचें मोल मालकाच्या हिशेबांत कमी होतें. या साध्या गणितामुळेंच हा विषय आज निकडीचा झाला आहे.

शेलूबाजार स्वतः कांहीं राजधानीचें ठाणें नव्हे. पण येथें उभें राहून चारी दिशांस पाहिलें तर वऱ्हाडाच्या इतिहासाचा बराच भाग दृष्टिपथांत येतो. दक्षिणेस वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ईशान्येस कारंजें, दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या नांवांच्या वेशींचें, नृसिंहसरस्वतींच्या जन्माचें, सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन जैन परंपरांच्या मंदिरांचें. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, इ. स. १६७० च्या अखेरीस, मराठ्यांच्या फौजेनें लुटलें तें हेंच संपन्न कारंजें. पश्चिमेस मेहकर व लोणार, जेथें श्रीचक्रधरांचें वास्तव्य झालें व जेथें यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याची हकीकत लीळाचरित्रांत आहे. अकबराच्या कारकीर्दींत वाशिम हा वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचा कसबा होता. पुढें निजाम व नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार या मुलखानें सोसला. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा अंमल गेला, १८५३ सालीं इंग्रजांनीं वऱ्हाड ताब्यांत घेतला, १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें ठेवून घेतला. वाशिम हा इंग्रजींत स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ सालीं मोडून अकोल्यांत घातला, आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा वेगळा झाला. राज्यहि बदललें: मध्यप्रांत, मध्यप्रदेश, १९५६ सालीं मुंबई व १९६० सालीं महाराष्ट्र.

इतक्या धन्यांचा मुलूख असल्यामुळें येथील सरकारी कागद एका जागीं राहिले नाहींत. कांहीं हैदराबादेस गेले, कांहीं नागपुरास, कांहीं अकोल्यास. जें एका ठिकाणीं राहिलें तें घरगुती दप्तर: देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या घरांतील सनदा, महजर, कौलनामे, ताळेबंद व वतनाच्या तंट्यांचे निवाडे. दोअमलीमुळें एकाच गांवाच्या वसुलाचा हिशेब दोन धन्यांस द्यावा लागे, म्हणून हे कागद मोडींत आणि फारशींत अशा दोन्ही लिप्यांत असण्याचा संभव इतर प्रांतांपेक्षां अधिक. वऱ्हाडच्या इतिहासाचें जें साधन अद्याप अप्रकाशित आहे त्याचा मोठा वांटा या घरांच्या भिंतींआड आहे असें आमचें मत आहे.

आतां हीं घरें कशीं असतात तें थोडें सांगणें अवश्य आहे, कारण निर्बंध करणारांच्या डोळ्यांपुढें तीं नव्हतीं असें त्यांच्या भाषेवरून दिसतें. वऱ्हाडी घर मातीचें. भिंती हात दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या. वर सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट, आणि त्यावर मातीचें धाबें. मोठ्या घरास दिंडीचा दरवाजा, आंत चौक, चौकाभोंवतीं ओसरी व सोपा. भिंत जाड असल्यामुळें तिच्या पोटांत कोनाडे, देवळ्या, फडताळें व धान्याचीं बळदें सहज बसतात. जमिनीखालीं पेव असतें, कांहीं ठिकाणीं तळघर. गांवचा देशमुख वा पाटील मातबर असला तर घराची गढी झालेली असते. चोरी, आग व लूट या तिहींच्या भीतीनें मौल्यवान वस्तु भिंतींत ठेवून तोंड लिंपून टाकण्याची चाल सर्वत्र होती, व मौल्यवान वस्तूंत वतनाचा कागद पहिला. सोनें गेलें तर पुन्हां मिळवितां येई. सनद गेली तर वतन गेलें. म्हणून दप्तर शोधावयाचें तें देवघराच्या आसपास, माळ्यावर, बळदांत व बुजविलेल्या कोनाड्यांत, हें आमच्या अभ्यासक बंधूंस ठाऊकच आहे. थोडक्यांत, वऱ्हाडी घराचा ऐतिहासिक ऐवज त्याच्या दर्शनी भागांत नसून पोटांत असतो. हें एक वाक्य ध्यानांत ठेवून आतां निर्बंधांकडे वळूं.

प्राचीन वास्तूंसंबंधीं पहिला नांव घेण्याजोगा निर्बंध लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींतला, १९०४ चा. सरकारनें जाहीरनामा काढून एखादी वास्तू संरक्षित ठरवावी, मालकाशीं करार करावा व तिची नासधूस करणारास शिक्षा व्हावी, एवढा त्याचा आवांका. त्यापूर्वींच, १८९७ सालीं, हेन्री कझिन्स यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील पुराणवस्तूंच्या याद्या छापिल्या होत्या, व १९३१ सालीं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. या याद्यांची दृष्टि पाहण्यासारखी आहे. त्यांत घडीव दगडास मान आहे. हेमाडपंती देऊळ, बारव, मशीद, किल्ला हे त्यांत येतात. मातीची गढी व लांकडी वाडा क्वचितच. लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ संरक्षित झालें व तें योग्यच झालें. पण ज्या वस्तींत तें उभें आहे त्या वस्तीचा विचार त्या निर्बंधास नव्हता.

वस्तीचा विचार आला तो फार पुढें, आणि आला तो अंतराच्या रूपानें. १९०४ च्या निर्बंधाची जागा १९५८ च्या अधिनियमानें घेतली. शंभर वर्षें जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करण्याचा अधिकार त्यानें केंद्र सरकारास दिला. राज्यापुरत्या महत्त्वाच्या स्मारकांसाठीं महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम १९६० चा आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनें राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांचा टापू प्रतिबंधित व त्यापलीकडील २०० मीटरांचा टापू विनियमित ठरला. अधिसूचनेंतील ही रेघ २०१० सालीं खुद्द अधिनियमांत घातली गेली, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालें, व प्रत्येक स्मारकासाठीं स्वतंत्र वारसा-उपविधि करण्याचें ठरलें. प्रतिबंधित टापूंत नवें बांधकाम नाहीं; जुन्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण करावयाचें तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विनियमित टापूंत बांधकामासहि परवानगी मिळूं शकते. अर्ज पंधरा दिवसांत प्राधिकरणाकडे जावा, प्राधिकरणानें दोन महिन्यांत आपलें मत कळवावें, व तें आल्यावर एका महिन्यांत निकाल द्यावा, अशी मुदतींची सांखळी आहे. मोडणारास दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या अधिनियमाच्या व्याख्या वाचकांनीं मुद्दाम पाहाव्या. दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे असलेल्या इमारतींत केलेला फेरबदल. त्यांत बांधकाम वा पुनर्बांधणी येत नाहीं. पुनर्बांधणी म्हणजे जुन्या इमारतीच्याच लांबीरुंदीच्या व उंचीच्या मर्यादेंत ती पुन्हां उभारणें. दगडी चिरेबंदी इमारतीस ही विभागणी लागू पडते. मातीच्या घरास ती लावूं गेल्यास घोटाळा होतो. धाब्यावर दर दोनतीन वर्षांनीं नवी माती पडते. पावसानें भिंतीचा एक खण बसला तर तो पुन्हां चढवितात. वाळवीनें खाल्लेली तुळई काढून दुसरी घालतात. पन्नास वर्षांत घराचा बहुतेक अंश नवा होतो, तरी घर तेंच. यांतील कोणती दुरुस्ती व कोणती पुनर्बांधणी? शेजारच्या न्यायशास्त्र्यास विचारावें असा हा प्रश्न आहे, आणि तो एखाद्या कारकुनास अर्जाच्या समासांत सोडवावा लागतो.

परिणाम काय होतो तें पुण्यांत शनिवारवाड्याभोंवतीं दिसून आलें. तेथील १०० मीटरांच्या आंतील जुने वाडे पाडून पुन्हां बांधतां येत नाहींत. भाडेकरू जुने, भाडें जुनें, मालकास दुरुस्तीची उमेद नाहीं. वाडा रहातो, पण कुजत रहातो. २०१० नंतर यावर पुष्कळ ओरड झाली ती निष्कारण नव्हती. लोणारास दैत्यसूदनाच्या आसपास दाट वस्ती आहे. तिलाहि हाच निर्बंध लागू आहे. मंदिराचें दर्शन मोकळें राहावें हा हेतु स्तुत्य. पण आमच्या विषयापुरतें पाहिलें तर या सर्व व्यवस्थेंत शेजारचें घर हें स्मारकाचा अडथळा म्हणून येतें. त्यास स्वतःचा कांहीं इतिहास असेल, ही शंका अंतर मोजणाऱ्या सांखळीस येत नाहीं.

घरांच्या समूहासच इतिहासाचें मोल आहे ही कल्पना युरोपांत १९६० नंतर कायद्यांत आली. फ्रान्सांत १९६२ सालीं मालरो यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला व जुन्या पेठाच्या पेठा संरक्षित झाल्या. इंग्लंडांत १९६७ च्या कायद्यानें संरक्षित वस्तीची योजना आली व स्टॅमफर्ड नगर त्यांत पहिलें गणलें गेलें. आपल्याकडे हें पाऊल मुंबईनें उचललें. २१ एप्रिल १९९५ रोजीं मुंबईसाठीं वारसा-नियम मंजूर झाले. वास्तूंच्या व वस्त्यांच्या याद्या झाल्या, तीन श्रेणी ठरल्या व सल्ला देण्यास समिति नेमली गेली. नागपुरासहि तशी समिति व यादी झाली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूंत बाहेरून वा आंतून हात लावावयाचा तो केवळ तिच्या बळकटीसाठीं. दुसऱ्या श्रेणींत बाह्य रूप सांभाळून आंतील फेरबदलास सामान्यतः मोकळीक. तिसरी श्रेणी वस्तीच्या एकंदर रूपास शोभा देणाऱ्या इमारतींची. तींत आंतबाहेर दोन्हीकडे बदल करूं देतात, मात्र परिसराशीं विसंगति होऊं नये.

येथें आमच्या मुद्द्याची मेख आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यांत विकास या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. इमारतींतील महत्त्वाचा फेरबदल व पाडकाम हीं दोन्ही तींत येतात, आणि पुढील सुधारणेनें वारसा-वास्तू व वारसा-परिसर हे शब्दहि तींत घातले गेले. परंतु परवानगी कशास लागत नाहीं हें सांगणारा जो भाग ४३ व्या कलमांत आहे तो असा कीं, ज्या कामाचा परिणाम इमारतीच्या केवळ अंतर्भागावर होतो, किंवा जें काम बाह्य रूपास विशेष बाधा आणीत नाहीं, त्यास परवानगी नको. अपवाद वारसा-वास्तूचा व वारसा-परिसराचा. म्हणजे घर यादींत नसेल तर मालकानें आंतील कोनाडे फोडावे, बळद पाडावें, माळा उतरवावा, देवघर हलवावें. कोणास एक अक्षर कळविण्याचें कारण नाहीं. आणि यादींत आलें तरी खेड्यांतील मातीच्या वाड्यास तिसऱ्या श्रेणीपलीकडे जागा मिळण्याचा संभव थोडा, व त्या श्रेणींत अंतर्भाग मोकळाच. जो भाग संशोधकास हवा, नेमका तोच भाग निर्बंधानें बाहेर ठेविला आहे.

निर्बंध करणारांस यासाठीं दोष देणें योग्य होणार नाहीं. मनुष्यानें आपल्या घरांत चूल कोठें मांडावी हें सरकारास विचारूं नये हा नियम शहाणपणाचा आहे, व तो मोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण वारशाची सारी यंत्रणा रस्त्यावर उभें राहून दिसणाऱ्या दर्शनी भागासाठीं रचिली गेली आहे, ही वस्तुस्थिति मात्र ओळखून असावें.

खुद्द शेलूबाजारासारख्या गांवाची गोष्ट आणखी वेगळी. येथें नगरपालिका नाहीं. जिल्ह्यांत वाशिम, कारंजें, मंगरूळपीर व रिसोड येथें नगरपरिषदा आहेत. गांवठाणांतील बांधकामाचा प्रश्न १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाखालीं प्रथम पंचायतीच्या दारीं येतो. घर बांधावयाचें वा पुन्हां बांधावयाचें तर पंचायतीची पूर्वपरवानगी हवी, व ठराविक मुदतींत उत्तर न आल्यास ती मिळाली असें समजावयाचें. पंचायत पाहते ती हद्द, सांडपाणी, रस्त्याची रुंदी, शेजाऱ्याची हरकत. जुनें घर पाडून त्या जागीं विटांचें घर उभें करणारास जुन्या घराचा नकाशा द्यावा लागत नाहीं. जें उभें राहणार त्याचा कागद होतो. जें जाणार त्याचा होत नाहीं.

ही उणीव केवढी महाग पडते याचीं दोन उदाहरणें याच मुलखांत आहेत, आणि दोन्ही सुदैवाचीं आहेत. पहिलें वाशिमचें. इ. स. १९३९ सालीं तेथें विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट उजेडांत आला. चार लहान पत्रे, भाषा कांहीं संस्कृत, कांहीं प्राकृत. वत्सगुल्माहून राज्यवर्ष ३७ मध्यें दिलेलें दान. डॉ. य. खु. देशपांडे व श्री. महाजन यांनीं तो प्रथम प्रसिद्ध केला, म. म. वा. वि. मिराशी यांनीं पुढें त्याचें सांगोपांग संपादन केलें. त्यापूर्वीं अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखांत वाकाटक राजांचीं नांवें झिजलेलीं होतीं व तीं मुख्य शाखेच्या वंशावळींत कशींबशीं बसविलीं जात. ताम्रपटांत सर्वसेन हें नांव स्पष्ट आल्यावर अजिंठ्याचा लेख पुन्हां वाचावा लागला, आणि वाकाटकांची एक संपूर्ण शाखा इतिहासांत उभी राहिली. चार पत्र्यांनीं हें केलें. तांब्याच्या मोलानें ते कासाराकडे गेले असते तर काय झालें असतें याची कल्पना वाचकांनीं करावी.

दुसरें उदाहरण कारंज्याचें, व तें पोथ्यांच्या संग्राहकांस अधिक जवळचें. तेथील जैन मंदिरांत भट्टारकांच्या परंपरेनें शास्त्रभांडारें सांभाळलीं. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूचि प्रसिद्ध केली तींत या भांडारांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें. राष्ट्रकूटकालीन कवि पुष्पदंत याचें जसहरचरिउ डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं व णायकुमारचरिउ प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३३ सालीं संपादून काढलें, तीं दोन्ही कारंज्याहून. दहाव्या शतकांतील अपभ्रंश वाङ्मय, म्हणजे मराठीच्या घडणीचा आदला मुक्काम, एका वऱ्हाडी गांवानें जपला. येथें मंदिर मोडलें नाहीं, भांडार हललें नाहीं, म्हणून पोथी राहिली. काष्ठासंघाचें मंदिर लांकडी कोरीवकामासाठीं वाखाणलें जातें. पण लांकूड, भिंत, पेटी व पोथी मिळून तो एकच ठेवा आहे. त्यांतील एक वेगळें काढून संरक्षिलें व बाकीचें सोडलें तर संग्रहाचा संदर्भ तुटतो. पोथी कोणत्या पेटींत, कोणत्या पोथीशेजारीं, कोणत्या भिंतींत होती हें माहीत असणें हा तिच्या इतिहासाचा भाग आहे, हें सूचि करणाऱ्या प्रत्येकास पटेल.

तेव्हां आम्हांस हवें तें काय? मनाई नको. मनाईनें वाडे कुजतात तें वर सांगितलेंच. आम्हांस हवी ती नोंद. आणि ती भिंत फुटण्यापूर्वीं. या मागणीस परदेशांतील नमुना शोधण्याची गरज नाहीं. महानुभावांची स्थानपोथी हा चौदाव्या शतकांतला ग्रंथ आपल्या हातीं आहे, डॉ. वि. भि. कोलते यांनीं तो संपादिला आहे. श्रीचक्रधर जेथें जेथें राहिले त्या स्थानांची ती नोंद. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, पौळीचा दारवठा कोठें, पटिशाळा कोणत्या अंगास, आसन कोणत्या खांबापाशीं, हें त्यांत गांवोगांव टिपिलें आहे. हेतु भक्तीचा होता. पण शिस्त मोजणीदाराची होती. आपला विषय देऊळ नसून स्वामींची बैठक आहे म्हणून लिहिणारानें देवळाचें वर्णन टाकलें नाहीं, उलट बैठक ओळखूं यावी म्हणूनच भोंवतालचें सर्व लिहिलें. आज तीं देवळें कांहीं पडलीं, कांहींचीं द्वारें बदललीं. पोथींतील दिशा मात्र ताडून पाहतां येतात. जुन्या घराच्या फेरबदलाच्या अर्जासोबत अशी चार ओळींची नोंद असती तर वऱ्हाडाच्या वास्तूंचें केवढें दप्तर आज जमलें असतें!

शिल्पशास्त्रांतहि हा विचार अगदींच नवखा नाहीं. मयमतांत व अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचे स्वतंत्र अध्याय आहेत. जुन्यास हात लावण्यापूर्वीं विधि करावा, हा त्यांतील क्रम. विधीचा धार्मिक अर्थ बाजूस ठेवला तरी, मोडण्यापूर्वीं क्षणभर थांबून काय मोडत आहों तें पाहावें, एवढें त्यांतून निघतें. आणि परवानगीची कल्पना परकी म्हणणारांनीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे पाहावें: आरमारासाठीं लांकूड लागलें तरी रयतेचें झाड तिच्या राजीखुषीनेंच घ्यावें असा दंडक त्यांत आहे. तेथें परवानगी मागणारा राजा आहे व देणारी रयत. आजच्या निर्बंधांत ही दिशा उलटी आहे. पण मालकास राजी केल्यावांचून जुनें कांहीं वांचत नाहीं ही गोष्ट अडीचशें वर्षांत पालटलेली नाहीं, तीनशें वर्षांतहि नाहीं.

हातीं असलेल्या निर्बंधांत संशोधकाच्या उपयोगाचे दोन आहेत, व ते परवानगीच्या कायद्याबाहेरचे आहेत. एक १८७८ चा निखात निधीचा अधिनियम. त्यांतील निधीची व्याख्या विलक्षण व्यापक आहे: जमिनींत, किंवा जमिनीस जोडलेल्या कोणत्याहि वस्तूंत, दडविलेली कोणतीहि मोलाची वस्तु. घर हें जमिनीस जोडलेलें असतें. तेव्हां बुजविलेल्या कोनाड्यांतील ताम्रपट वा सनदेची थैली या शब्दांत बसते असा आमचा अर्थ आहे. किंमत दहा रुपयांवर असेल तर सांपडणारानें कलेक्टरास लेखी कळवावें. मालकी कोणी सिद्ध केली नाहीं, व सांपडणारा आणि जागेचा धनी यांच्यांत निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडणारास व एक चतुर्थांश धन्यास. भिंत पाडणाऱ्या मजुरास हें सांगितलें पाहिजे. त्याला वाटतें कीं सांगितलें तर सर्व जाईल, आणि म्हणून तो सांगत नाहीं. दुसरा १९७२ चा पुरावशेषांचा अधिनियम. इतर वस्तु शंभर वर्षांनीं पुरावशेष होते, पण शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांनींच. परवान्याशिवाय तें देशाबाहेर नेतां येत नाहीं. म्हणजे १९५० पूर्वींची मोडी दप्तरें आज या व्याख्येंत येऊन चुकलीं. कुळकर्ण्याची वही, सावकाराची खतावणी, गढीवरील शिबंदीचा हिशेब, हीं सर्व रद्दींत विकण्यापूर्वीं धन्यास हें माहीत असावें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला तो वाईस मिळालेल्या दप्तरावर. त्यांस कोणत्याहि निर्बंधाचें साहाय्य नव्हतें. होतें तें पायांचें व चिकाटीचें. परंतु तेव्हां वाडे उभे होते. संशोधक दहा वर्षें उशिरां गेला तरी माळा जागेवर असे. आज तशी सवड नाहीं. घर एका आठवड्यांत यंत्रानें उतरतें, मातीचा ढीग शेतांत वा भरावांत जातो, आणि गढीची पांढरी माती तर लोक पूर्वींपासूनच गाड्या भरभरून नेत आले आहेत.

म्हणून पंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या अर्जाच्या नमुन्यांत पुढील गोष्टींची भर पडावी असें आम्ही सुचवितों, व यास नवा अधिनियम लागत नाहीं असें आम्हांस वाटतें. घर किती पिढ्यांचें व पूर्वीं कोणत्या वतनदाराचें. दर्शनी दरवाजा कोणत्या दिशेस. चौक, देवघर, तळघर, पेव व बळद यांचीं स्थानें दाखविणारा हातचा नकाशा. लांकडावर वा दगडावर अक्षरें असल्यास त्यांचा ठसा वा छायाचित्र. आणि घरांत जुने कागद वा पोथ्या आहेत काय, असल्यास त्या कोणास दाखविण्यास धन्याची हरकत नाहीं ना. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ऐच्छिक असावें. सक्ती केली तर उत्तर एकच येईल, कागद नाहींत असें. वतनाच्या तंट्यांची आठवण वऱ्हाडांत अजून पुरती बुजलेली नाहीं. अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणीं रहावी व ती अभ्यासकांस पाहूं द्यावी.

जोंवर हें होत नाहीं तोंवर काम मंडळाच्या सभासदांवरच येतें. शेलूबाजार, मंगरूळपीर, कारंजें व मालेगांव या टापूंत ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांनीं जुनें घर उतरणार असल्याची वार्ता लागतांच तेथें जावें, धन्याच्या परवानगीनें खणाखणांचीं मापें घ्यावीं, कोनाड्यांवर ठोकून पोकळ आवाज येतो काय तें पाहावें, आणि दप्तर निघाल्यास रुमाल न सोडतां, ज्या क्रमानें तो बांधलेला आहे त्याच क्रमानें, त्याचीं पहिलीं यादी करावी. रुमालावरील गांठ, चिठी व शाई हींहि लिहून घ्यावीं. मापें फुटांत असोत वा हातांत. कोणत्या हातानें घेतलीं तें मात्र लिहिण्यास विसरूं नये.